जिभाऊंची जीप: मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट काढताना

जुन्या जीपचा मागचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला तुंबा, निघत नसला की बघायला आलेला प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो. आमच्या शेजारचे आप्पा ओट्यावर बसून तेच म्हणत होते: "एक घन घाल ना पोरी, मोकळं व्हई जाई." आप्पांनी आयुष्यभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सांभाळले, त्यांच्या शब्दाला मी मान देते. पण या एका कामात मी घण जवळही येऊ दिला नाही. शिरपूर, चोपडा, शहादा या पट्ट्यात अजून कितीतरी जीप खळ्यात उभ्या आहेत आणि आता कुठे लोकांना त्या परत चालू कराव्याशा वाटू लागल्या आहेत. त्यातल्या मी उघडून पाहिलेल्या मागच्या अ‍ॅक्सलांमध्ये म्हातारपणापेक्षा ठोकाठोकीच्याच खुणा जास्त दिसल्या. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी आमच्या वडिलांची. आम्ही त्यांना जिभाऊ म्हणायचो. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची, पेट्रोल, मागच्या पत्र्यावर लाल अक्षरात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेली. विलिजने हे मॉडेल 1953 साली आणलं. आधीच्या जीपपेक्षा बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच: त्याचा इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. अमेरिकेत ही गाडी 1968 पर्यंत बनली, आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं. जिभाऊ हिच्यातून बोराडीकडच्या शेतात बियाणं, खताच्या गोण्या आणि कापूस वेचायला बाया न्यायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतले तरी ही निघायची. जिभाऊ गेल्यावर ती निंबाखाली उभी राहिली. माय कुणालाही विकू देईना. मी सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, बेअरिंग आणि पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार) हे रोजचं काम. त्यामुळे ही गाडी माझ्याच हाताखालून जावी असं मला फार वाटत होतं.

इंजिन चालू झाल्यावर लगेच दोन गोष्टी लक्षात आल्या. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर काळं ओघळ येत होतं. बोट लावून वास घेतला तर नव्वद नंबरचं गियर ऑइल. ब्रेक ऑइलचा वास वेगळा, हात लावला की ते पातळ लागतं, त्यामुळे शंका राहिली नाही. दुसरी गोष्ट, रिव्हर्समधून पहिल्या गियरला टाकून क्लच सोडला की मागून 'टक्' असा एकच आवाज. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, क्रॉस (सांधे) हलवून पाहिले, ते घट्ट होते. म्हणजे उजवा अ‍ॅक्सल काढून पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलची रचना समजून घेतली की काम निम्मं होतं. ट्रकला फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल असतो: चाक हाउसिंगवर बसलेलं, शाफ्ट फक्त फिरवतो, फ्लँजचे बोल्ट खोलले की शाफ्ट हातात. सीजे-थ्री-बीला तसं नाही. इथे सेमी-फ्लोटिंग, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं आहे, हबच्या आत तसंच निमुळतं भोक आहे, आणि पुढून एक मोठा नट हबला त्या निमुळत्या टोकावर आवळून बसवतो. मध्ये खाचेत एक चावी, म्हणजे लोखंडी तुकडा. बैलगाडीच्या आसाला जशी खीळ, तशी ही चावी चाक धरून ठेवते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलतो तो टेपर, म्हणजे ती निमुळती बैठक: दोन पृष्ठभागांचं घर्षण. चावी जोडीला आहे. नट ढिला राहिला की टेपर सुटतो, सगळा भार चावीवर येतो, आणि मग चावी आणि खाच दोन्ही झिजायला लागतात. हा भारही थोडाथोडका नसतो. लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गियरला इंजिनचा पीळ गियरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना पीळ वाटणारी पेटी) आणि क्राउन-पिनियन (मागच्या चाकांमधली दातेरी चक्रं) पार करेस्तोवर सुमारे 37 पट होतो. क्राउनला 43 दाते, पिनियनला 8, तिथेच पाचपटीच्या वर गेला. भरल्या गाडीनिशी नाला चढताना चावी तुटते ती यामुळे.

तो 'टक्' चावीचा होता.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट ठासून सांगते, कारण इथे माणूस दगावू शकतो. या जीपचा हँडब्रेक चाकावर नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असलेल्या लहान ड्रमला लागतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असताना तो गाडी धरतो. पण एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गियरसंच) मोकळं होतं: हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गडगडतं, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असला तरी. म्हणून मी गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली, लो-रेंज पहिला गियर, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगडांची उटी लावली. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. हाउसिंगच्या नळीखाली स्प्रिंगच्या पाट्यांजवळ लोखंडी घोड्या लावल्या आणि गाडी हलवून पाहिली. घोड्या फरशीवर पाहिजेत. आमच्या अंगणातली काळी माती वरून दगडासारखी दिसते, पण वजन पडलं की घोडीचा पाय आत जातो, म्हणून खाली जाड लोखंडी पट्ट्या टाकल्या.

चाकाचे नट खोलताना जुन्या जीपमध्ये बाजू बघायची. डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असतात, बोल्टच्या तोंडावर इंग्रजी 'एल' कोरलेलं असतं. गंज आणि रंगाखाली ते दिसत नाही, तारेच्या ब्रशने घासून बघावं. पाइप लावून उलट्या दिशेने जोर देत बसलेल्यांनी मोडलेले कितीतरी बोल्ट धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या लेथवाल्यांनी बदलले असतील.

चाक निघालं, हबची डस्ट कॅप काढली, कॉटर पिन (नट ढिला होऊ नये म्हणून आडवी घालायची पिन) दिसली. नव्हे, कॉटर पिनच्या जागी कुणीतरी घातलेला खिळा. खिळा काढल्यावर नट अपेक्षेपेक्षा कितीतरी सहज फिरला आणि 'टक्' आवाजाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. नट पूर्ण काढायचा नाही. काही आटे मागे घेऊन शाफ्टवरच राहू द्यायचा. टेपर सुटतो तो हळूहळू नाही, एकदम सुटतो, आणि सगळा हब ड्रमसकट पुढे उडी घेतो. नट असला तर ती उडी दोन-चार मिलिमीटरची. नसला तर समोर बसलेल्याच्या छातीवर. आणि ब्रेकचे अ‍ॅडजस्टर फिरवून शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) आत घ्यायचे. जुन्या ड्रमला आतून झिजून कडा तयार झालेली असते, शू त्या कडेत अडकले तर हब सुटूनही ड्रम येत नाही.

पुलर मी गिरणीत काम करणाऱ्या टर्नरकडून करून घेतला. जाड एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचा गोल तुकडा, चाकाच्या बोल्टांच्या मापाने पाच भोकं, मधोमध वेल्ड केलेला जाड नट आणि त्यात बारीक आट्यांचा हाय-टेन्साइल बोल्ट, टोक किंचित गोल. बाजारात तीन पायांचे पुलर मिळतात, पण ते ड्रमच्या कडेला धरतात. ड्रम बिडाचा, कडेला ओढलं की तडकतो. या कामाचा पुलर चाकाच्याच बोल्टांवर बसला पाहिजे. शाफ्टच्या टोकाला मध्यभागी एक लहान खळगा असतो, बोल्टचं टोक तिथेच नेमकं बसवायचं, म्हणजे टोकाचे आटे सुरक्षित राहतात.

आता घणाचा मुद्दा. पुलरचा मधला बोल्ट शाफ्टच्या तोंडावर दाब देतो आणि त्याच वेळी प्लेट हबला तेवढ्याच जोराने बाहेर ओढते. शाफ्ट आणि हब एकमेकांत अडकलेले, त्यामुळे तो सगळा जोर त्या दोघांतच फिरतो. बेअरिंगपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. तुम्ही कितीही टन जोर लावा, आतलं डिफरन्शियल निवांत असतं. घण मात्र बाहेरून येतो. शाफ्टच्या तोंडावर बसलेला तडाखा शाफ्टमधून सरळ आत जातो आणि डिफरन्शियलच्या मधोमध दोन्ही शाफ्टांच्या टोकांमध्ये असलेल्या थ्रस्ट ब्लॉकवर आदळतो. ब्लॉक पलीकडच्या शाफ्टला ढकलतो. तो शाफ्ट आपल्या टेपर बेअरिंगचे रोलर कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, दाबतो. म्हणजे उजवीकडे ठोकलं की मार डावीकडच्या बेअरिंगला! कपवर रोलरांच्या रेषा उमटतात, त्या वेळी काही कळत नाही, आणि पुढे गाडी वेगात घेतली की डाव्या चाकातून घरघर सुरू होते. लोक म्हणतात, उजवीकडे काम केलं आणि आता डावीकडचं बेअरिंग गेलं, काय नशीब. नशिबाचा काही संबंध नाही.

हे मी मातीवर काडीने रेघा मारून आप्पांना दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंग दम धर. कसाले घाई करस?"

दम धरणं हाच खरा उपाय आहे. पुलरचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने आवळला, हब हलला नाही. टेपरच्या मागच्या-पुढच्या फटीत डिझेल पाजलं आणि ताण तसाच ठेवून सोडून दिलं. संध्याकाळी परत थोडं आवळलं, पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर नाही, हबच्या जाड भागावर आजूबाजूने हलक्या हातोडीने टकटक केलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा 44-45 वर जातो आणि लोखंडाला हात लावता येत नाही. पहाटे तेच लोखंड गार होतं. हा चढउतार फुकटचा मदतनीस आहे. सकाळी चहाच्या आधी पान्याला जरासा हात लावला आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन हब नटवर येऊन थांबला. माय स्वयंपाकघरातून बाहेर धावली. काही मिस्त्री या टप्प्यावर गॅसने हब तापवतात. ताण असताना हबभोवती एकसारखी आच फिरवली तर ते चालतं, पण मागे ऑइल सील (तेल अडवणारं कडं) आणि ग्रीस आहे, आणि ड्रमभर गियर ऑइल सांडलेलं असताना मी ज्योत जवळ नेणार नाही.

पुढचं काम सरळ आहे, फक्त एका जागी डोळ्यांत तेल घालायचं. ब्रेकची लोखंडी नळी व्हील सिलिंडरपासून सोडवली आणि तोंड बंद केलं. बॅकिंग प्लेटचे, म्हणजे ब्रेक ज्यावर बसतात त्या मागच्या तबकडीचे, बोल्ट खोलले. प्लेट आणि हाउसिंगच्या फ्लँजमध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतात, कागदासारख्या. त्या तेलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि प्लेटबरोबर अलगद निघतात. याच शिम शाफ्टची आत-बाहेरची हालचाल ठरवतात. उजवीकडच्या उजव्या डब्यात, चिठ्ठी लावून. कागदी गॅस्केट समजून त्या फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मग जोडलेल्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग एक तर आवळून जळतं नाही तर खुळखुळतं.

शाफ्ट हाताने ओढून येत नाही, कारण बेअरिंगचा कप नळीच्या तोंडात बसलेला असतो आणि शाफ्टवरचा कोन (बेअरिंगचं आतलं कडं) बाहेर येताना त्या कपला पुढे ढकलत बाहेर आणतो. इथे सरकता हातोडा लागतो: एक लांब सळई, तिच्यावर मागे-पुढे सरकणारं वजन, टोकाला शाफ्टच्या आट्यांवर बसणारा नट. वजन बाहेरच्या बाजूला झटकायचं. हा मार बाहेरच्या दिशेचा, थ्रस्ट ब्लॉककडे जात नाही. थोड्या झटक्यांत कप सुटला आणि शाफ्ट तेलाने माखलेला, काळा, हातभर बाहेर आला. तो निघताना मधून उचलून धरायचा. खाली टेकला तर आतल्या सीलचा ओठ स्प्लाइनवर (शाफ्टच्या आतल्या टोकाच्या दात्यांवर) फाटतो. सील बदलायचंच असलं तरी ही सवय चांगली. उजवा शाफ्ट आखूड असतो, कारण या गाडीचं डिफरन्शियल मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं आहे. डावा शाफ्ट चांगलाच लांब.

ओट्यावर पोतं पसरून, डिझेलने धुऊन शाफ्ट उन्हात ठेवला आणि बघत बसले. चावीची खाच एका बाजूला सुजल्यासारखी रुंद झालेली, कडा गोल. चावीवर मधोमध पायरी पडलेली, बोटाच्या नखाला लागते. टेपरवर तपकिरी गंजाची पूड, म्हणजे कित्येक वर्षं हब त्यावर बारीक-बारीक सरकत होता. आणि जिथे आतल्या सीलचा ओठ घासतो तिथे शाफ्टला एक चकचकीत खोलगट कडं पडलेलं. या कड्यावर नवं सील बसवलं तरी तेल गळणारच. खाच आणि कडं दोन्ही असल्यावर हा शाफ्ट परत बसवण्यात अर्थ नव्हता. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकत्र येतात, त्यामुळे जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि ते पारखणारी माणसं तिथे अजून आहेत. शाफ्ट तिथेच मिळाला. नवा शाफ्ट घेताना टेपरला निळा रंग लावून हबमध्ये फिरवून बघितला. रंग सगळीकडे सारखा उठला तर टेपर जुळला. मोठ्या तोंडाशीच उठला किंवा टोकाशीच उठला तर तो शाफ्ट परत द्यावा, दुकानदार कितीही 'ओरिजिनल' म्हणाला तरी.

तेल गळण्याचं मूळ मात्र सील नव्हतंच. हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, गाडी चालून आतलं तेल तापलं की हवा त्यातून बाहेर जाते. आमच्या गाडीचा ब्रीदर कुंभारमाशीने मातीचं घर करून पक्का लिंपला होता. हवेला वाट नाही, म्हणून दाब सीलवर. निंबाखाली उभी असलेली प्रत्येक जीप आधी इथे तपासा. तारेने मोकळा करून भागत नाही, काढून डिझेलमध्ये बुडवून त्यातून फुंकर आरपार गेली पाहिजे.

जोडताना टेपर कोरडा. थिनरने पुसलेला, ग्रीसचा थेंब नाही. चांगले मिस्त्रीही इथे 'पुढच्या वेळी सोपं निघेल' म्हणून ग्रीस लावतात. त्याने नट हबला गरजेपेक्षा आत ढकलतो आणि हब चिरतो. बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरलं, आतलं सील नवं, चावी नवी. दोन्ही बाजू जोडल्यावर कप प्लेटला टेकावेत म्हणून शाफ्टच्या टोकांवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके दिले. इथे तोच मार्ग कामाला येतो: एका टोकाचा ठोका पलीकडचा कप बसवतो. मग डायल लावून शाफ्ट आत-बाहेर हलवून पाहिला. हालचाल एक ते सहा हजारांश इंच हवी. जास्त असेल तर शिम काढायची, कमी असेल तर घालायची, आणि दोन्ही बाजूंनी सारखी वाटून, म्हणजे थ्रस्ट ब्लॉक मधोमध राहतो.

नट किमान 150 फूट-पाउंड, आपल्या मापात 20 किलोग्रॅम-मीटरच्या किंचित वर. टॉर्क पाना नसेल तर मीटरभर पाइप लावून त्याच्या टोकाला 20 किलो वजन टांगलं तरी अंदाज बरोबर येतो. तेवढं आवळल्यावर कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे घ्यायचा, मागे कधीच नाही. जिभाऊंच्या गाडीत खिळा होता तो बहुतेक भोक जुळवायला नट मागे घेणाऱ्याचाच.

ब्रेकची हवा काढली, हाउसिंगमध्ये नवं नव्वद नंबर भरलं, फोर-व्हील सोडून गाडी टू-व्हीलमध्ये घेतली आणि बोराडीपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर हब गार झाल्यावर टॉर्क पाना पुन्हा लावला. नट पुढच्या खाचेपर्यंत आला. तिथे नवी कॉटर पिन घातली आणि तिची टोकं दोन्हीकडे वळवली.